गोठवून घडवलेलं सच्छिद्र सिरॅमिक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर जुलैत नवी मुलं आमच्या लॅबमध्ये येतात आणि पहिल्या आठवड्यात तेच ते प्रश्न विचारतात. पूर्वी मी चहा पिता पिता उत्तरं द्यायचे. आता मुलं वाढली आणि चहा पुरेनासा झाला, म्हणून हे पान. पुस्तकात ‘छिद्र’ म्हणतात, लॅबमध्ये आम्ही ‘भोक’ म्हणतो. इथे दोन्ही शब्द येतील.

फ्रीझ कास्टिंग म्हणजे थोडक्यात काय?

सिरॅमिकची बारीक पावडर पाण्यात घोळायची, तो घोळ (आम्ही स्लरी म्हणतो) साच्यात ओतून गोठवायचा, बर्फ वितळू न देता त्याची थेट वाफ करून काढून टाकायची आणि मागे उरलेला सांगाडा भट्टीत भाजायचा. जिथे बर्फ होता तिथे भोक राहतं. गोठताना पावडर बर्फाच्या स्फटिकांच्या मधे दाबली जाते, तिची भिंत होते. म्हणजे आकार द्यायचा तो थंडीला. पावडर मुकाट्याने तिच्या मागे जाते. पुढचे जवळजवळ सगळे प्रश्न याच एका गोष्टीचे आहेत: उष्णता कुठून बाहेर जाते आहे आणि किती वेगाने.

माठालाही भोकं असतातच की. मग एवढा खटाटोप कशाला?

असतात, आणि म्हणूनच तो पाझरतो आणि पाणी गार ठेवतो. पण धारावीच्या कुंभारवाड्यातून आणलेला माठ फोडून खापर भिंगाखाली धरलंत तर भोकांना ना दिशा, ना एकसारखा आकार. एक वाट दुसरीला मिळते, तिसरी मधेच बंद होते. मातीत लाकडाचा भुसा मिसळून भाजलं तरी तीच गत. स्पंजला स्लरी पाजून तो जाळला तर वाटा मोकळ्या मिळतात, पण मधल्या काड्या पोकळ आणि नाजूक राहतात. गोठवून केलेल्या तुकड्यात भोकं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ जाऊ शकतात आणि मधल्या भिंती भरीव असतात. गाळणी हवी असेल, किंवा भोकं असूनही भार पेलणारं काही हवं असेल, तर हा फरक फार मोठा आहे.

बर्फ पावडरीला बाजूला का ढकलतो? पोटात का घेत नाही?

याचं उत्तर मी लॅबमध्ये देत नाही, मुंबईच्या ससून डॉकला, मासळीच्या बंदरावर, जाऊन या म्हणते. पहाटे तिथे बर्फाच्या लाद्या उतरतात. मासळीवर टाकायला क्रशरमध्ये जायच्या आधी एक लादी नीट बघा. कडेला ती काचेसारखी असते, पलीकडच्या माणसाचा शर्ट दिसतो. मधोमध मात्र दुधासारखा पांढरा गाभा. कारखान्यात पाण्याचे डबे गार मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवतात, त्यामुळे बर्फ कडेकडून आत वाढत जातो. पाण्याच्या रेणूंची घडी इतकी बांधेसूद असते की बर्फाच्या स्फटिकात परक्याला जवळपास जागा नसते. विरघळलेली हवा, क्षार, कचरा, सगळं पुढे पुढे लोटलं जातं आणि शेवटी जायला जागा उरत नाही तिथे, म्हणजे गाभ्यात, अडकतं.

डॉक लांब पडत असेल तर घरी करून बघा. थर्मास-मगमध्ये शाईचं फिकं पाणी भरा, झाकण न लावता फ्रीझरमध्ये ठेवा आणि पूर्ण गोठायच्या आत बाहेर काढा. बाजूंनी उष्णता जाऊ शकत नाही, त्यामुळे बर्फ वरून खाली धरतो. वर जवळपास रंगहीन बर्फ मिळेल आणि तळाशी गडद शाई.

पावडरीचे कण शाईच्या रेणूंपेक्षा कितीतरी मोठे, पण गोष्ट तीच. बर्फ आणि कण यांच्यामध्ये पाण्याचा अतिशय पातळ थर टिकून असतो. तो आहे तोवर कण पुढे ढकलला जातो, थर तुटला की कण बर्फात गाडला जातो. कण जितका मोठा आणि बर्फ जितका घाईत, तितका तो गाडला जाण्याचा संभव जास्त. म्हणून आम्ही अर्ध्या मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपासची ॲल्युमिना, म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइडची, पावडर वापरतो. जाडीभरडी पावडर आणून ‘भोकं का आली नाहीत’ विचारणारे दरवर्षी दोघे-तिघे असतातच.

पण मग सगळी पावडर एका टोकाला का जमा होत नाही? शाईसारखी?

चांगला प्रश्न आहे, आणि फार थोडे विचारतात. अगदी हळू गोठवलं, सेकंदाला एक मायक्रॉनहून कमी वेगाने, तर खरंच तसं होतं. बर्फाची आघाडी सपाट राहते आणि समोरची सगळी पावडर लोटत नेते. वेग जरा वाढला की आघाडीसमोर गर्दी होते. अशा वेळी आघाडीवरचा एखादा उंचवटा गर्दीतून थोडा पुढे घुसला की त्याला समोर मोकळं पाणी मिळतं, तो आणखी भराभर वाढतो आणि पावडर पुढे न ढकलता दोन्ही बाजूंना सारतो. दादर स्टेशनच्या पुलावर एकाने वाट काढली की त्याच्या मागे रांग लागते आणि बाकीची गर्दी दोन्ही कठड्यांना दाबली जाते, तसंच. सपाट आघाडीची अशी बोटं होतात. दोन बोटांच्या मधे दाबलेली पावडर ही आपली भिंत. समुद्राचं पाणी गोठतं तेव्हाही असंच होतं: मीठ बर्फात मावत नाही आणि बर्फाच्या पापुद्र्यांमध्ये खारट पाण्याच्या फटी राहतात.

बोटं गोल न होता पापुद्र्यांसारखी चपटी का होतात, तर ते बर्फाच्या स्वभावामुळे. त्याचा स्फटिक षट्कोनी. षट्कोनाच्या सपाटीत तो ज्या वेगाने पसरतो, त्याच्या शंभर ते हजार पटींनी हळू तो जाड होतो. म्हणून पाण्यापासून केलेल्या सिरॅमिकचा छेद घेतला की खारी बिस्किटासारखे पदर दिसतात.

घरच्या फ्रीझरमध्ये ठेवलं तर चालेल ना?

गोठेल, पण चालणार नाही. फ्रीझर सगळीकडून गार करतो. स्फटिक प्रत्येक भिंतीपासून सुरू होतात, मधे एकमेकांवर आदळतात आणि तुकडा भाजून कापला की वेगवेगळ्या दिशांच्या पापुद्र्यांची गोधडी दिसते. शिवाय बाहेरचं कवच आधी घट्ट होतं आणि आतलं पाणी गोठताना ९ टक्के फुगतं, त्यामुळे तुकडा मधोमध तडकतो. तुम्हाला दिशाहीन, सगळीकडे सारखी भोकं हवी असतील तर त्यासाठीही लहान साचा आणि पातळ तुकडा घ्यावा लागतो.

कुल्फीवाल्याचा साचा आठवा. बर्फ-मिठात बुडवलेला, निमुळता, पत्र्याचा. त्यात कडेकडून मध्याकडे गोठतं. असा नळीसारखा साचा आम्हीही कधी कधी वापरतो. पापुद्रे मध्याभोवती किरणांसारखे लागतात आणि हाडासारखी गोल रचना हवी असेल तर ते सोयीचं पडतं.

मग एका दिशेने गोठवायचं कसं?

उष्णतेला एकच दार ठेवायचं. साच्याच्या भिंती टेफ्लॉनच्या, तळ तांब्याचा. तांबं टेफ्लॉनपेक्षा हजारपटीहून जास्त उष्णता वाहून नेतं, त्यामुळे उष्णता खालूनच जाते आणि बर्फ खालून वर चढतो. आमच्याकडे मनगटाएवढा जाड तांब्याचा दांडा आहे, त्याचं खालचं टोक लिक्विड नायट्रोजनमध्ये (उणे १९६ अंश) आणि वरच्या टोकावर साचा. साच्याच्या जरा खाली दांड्याभोवती हीटरची पट्टी आणि एक थर्मोकपल (तापमान मोजणारी तार). नायट्रोजन सतत खाली ओढतो, हीटर त्याला आवरतो आणि दोघांच्या रस्सीखेचीतून हवं ते तापमान मिळतं.

साच्यावर नायट्रोजन थेट ओतू नका. ओतला की पृष्ठभागावर वाफेची गादी तयार होते, तापलेल्या तव्यावर पाण्याचा थेंब नाचतो तशी, आणि त्या गादीमुळे थंडी नीट पोचतच नाही.

जितकं जलद गोठवू तितकी भोकं बारीक, हे खरं का?

खरं, पण मर्यादेत. ढोबळ हिशेब असा की वेग दुप्पट केला की पापुद्र्यांमधलं अंतर साधारण निम्मं होतं. नेमका आकडा पावडर आणि स्लरीप्रमाणे बदलतो. सहसा आम्ही सेकंदाला ५ ते ३० मायक्रॉनच्या दरम्यान काम करतो आणि भोकांची रुंदी काही मायक्रॉनपासून शंभरेक मायक्रॉनपर्यंत मिळते. डोक्याचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास असतो, म्हणजे अंदाज येईल. सेकंदाला १० मायक्रॉन या वेगाने १ सेंटिमीटर गोठायला १,००० सेकंद, म्हणजे जवळपास १७ मिनिटं लागतात. अडीच सेंटिमीटरच्या तुकड्यासमोर पाऊण तास उभं राहायची तयारी ठेवा.

वेग फारच वाढवला तर बर्फ कणांना ढकलत बसत नाही, गिळून टाकतो. मग पापुद्रे नाहीत, भिंती नाहीत; भाजल्यावर हातात येतो तो ढेकळासारखा गोळा.

खाली बारीक आणि वर मोठी भोकं आली. चुकलं कुठे?

कुठेही नाही. तळाचं तापमान एकदा ठरवून तसंच सोडून दिलं की हेच होणार. बर्फ जसा जाड होतो तसा तोच उष्णतेच्या वाटेत येतो, कारण वरची उष्णता आता त्याच्यातून जायची असते. जाडी वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते, वेग जाडीच्या व्यस्त प्रमाणात घटतो. तळापासून ४ मिलिमीटरवर जो वेग होता, त्याचा पाचवा हिस्सा २० मिलिमीटरवर उरतो. त्या हिशेबाने भोकंही पाचपट रुंद होतील.

उपाय म्हणजे तळ सतत आणखी गार करत राहायचं. मिनिटाला ५ अंश, १० अंश असा उतार कंट्रोलरमध्ये भरायचा म्हणजे आघाडीचा वेग जवळपास स्थिर राहतो. मात्र कधी कधी हाच बदल मुद्दाम ठेवतात: एका बाजूला बारीक गाळणी, दुसऱ्या बाजूला मोकळी वाट.

तळाशी दोन-तीन मिलिमीटर घट्ट थर येतो तो काय?

पाणी शून्याला गोठतं हे शाळेतलं वाक्य. प्रत्यक्षात स्लरी शून्याखाली काही अंश जाते आणि तरी गोठत नाही, कारण पहिला स्फटिक जन्मायला निमित्त लागतं. ते मिळालं की साठलेली सगळी घाई एकदम सुटते आणि क्षणात तळाचा थर गोठतो. त्या झटक्यात कण गिळले जातात, म्हणून तिथे घट्ट थर. त्यावर काही अंतर पापुद्रे वाटेल तसे उगवतात. ज्यांची दिशा उभी असते ते बाकीच्यांना मागे टाकतात आणि त्याच्या वर सरळ, शिस्तीची रचना लागते. आम्ही तळ चक्क करवतीने कापून टाकतो. शोधनिबंधातले सुंदर फोटो तुकड्याच्या मधल्या भागाचे असतात, हे लक्षात असू द्या.

उभे पापुद्रे मिळाले, पण वरून बघितलं तर ठिकठिकाणी वेगळ्या दिशेला. सगळे समांतर कसे करायचे?

एका दिशेने गोठवलं की पापुद्रा उभा राहतो, पण त्याने तोंड कुठे करावं हे कोणी सांगितलेलं नसतं. तळावर जिथे जो स्फटिक जन्मला, तसं त्याचं तोंड. म्हणून आणखी एक दिशा द्यावी लागते. २०१५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कलीच्या गटाने यासाठी फार साधी युक्ती छापली: तांब्याच्या तळावर सिलिकॉन रबराची तिरपी पाचर ठेवायची. पाचरीच्या पातळ बाजूला थंडी आधी पोचते, जाड बाजूला उशिरा. त्यामुळे बर्फ पातळ कडेला एका रेषेत जन्मतो, उतारावरून आडवा सरकतो आणि त्याच वेळी वरही चढतो. तापमानाचे असे दोन उतार मिळाले की पापुद्रे सेंटिमीटरभर समांतर लागतात. आमची पहिली पाचर आम्ही प्लास्टिकच्या डबीत ओतून, डबीखाली पेन्सिल ठेवून तिरपी केली होती. अजून तीच वापरतो.

पाण्याऐवजी दुसरं काही गोठवता येतं का?

येतं, आणि माझ्या मते या विषयातला सर्वांत गमतीचा भाग हाच. द्रव बदलला की स्फटिकाचा स्वभाव बदलतो, आणि भोक हा त्या स्फटिकाचा साचा असल्यामुळे तेही बदलतं.

देव्हाऱ्यातला कापूर डबीत ठेवला तर काही महिन्यांनी बारीक होतो. वितळत नाही, ओलं होत नाही, नुसता उडून जातो. आपल्याला हवं ते नेमकं हेच: बर्फासाठी जे काम करायला महागडं व्हॅक्यूम मशीन लागतं ते कापूर फुकट करतो. प्रत्यक्षात जास्त वापरतात ते कॅम्फिन, कापराचं जवळचं नातेवाईक. कारखान्यात कापूर बनवताना मधल्या टप्प्यावर तेच येतं. ते साधारण ४५ ते ५० अंशांना वितळतं, म्हणून स्लरी ६० अंशांवर घोटायची, साच्यात ओतायची आणि ती खोलीच्या तापमानाला गोठते. पापुद्रे नाहीत, तर नेच्याच्या पानासारख्या फांद्या फुटतात. त्या उडून गेल्यावर एकमेकांत उघडणारी गोलसर भोकं राहतात. गोठलेला तुकडा वितळबिंदूच्या जरा खाली, उबेत काही तास ठेवला तर बारीक फांद्या विरतात, जाड्या आणखी जाड होतात आणि भोकं शंभर मायक्रॉनच्या पुढे जातात. हाडाच्या पेशींना आत शिरायला अशी जागा आवडते.

कापूर आणि डांबराच्या गोळ्या (म्हणजे नॅफ्थलीन) योग्य प्रमाणात मिसळल्या तर मिश्रण ३१-३२ अंशांना वितळतं. तिसरा पर्याय टर्शरी ब्युटाइल अल्कोहोल. वितळबिंदू साडेपंचवीस अंश, स्फटिक लांब सुयांसारखे, त्यामुळे भोकं सरळ नळ्यांसारखी.

इथे मुंबईकरांसाठी एक सूचना. ‘खोलीच्या तापमानाला गोठते’ हे वाक्य थंड देशात लिहिलेलं असतं. आपल्याकडे मे महिन्यात कापूर-नॅफ्थलीनची स्लरी टेबलावर सरबतासारखी राहते आणि ब्युटाइल अल्कोहोल एसीशिवाय वर्षातले बहुतेक दिवस द्रवच असतं. आमच्या एका मुलीने दोन दिवस वाट बघितली. तिसऱ्या दिवशी साका तळाला, वर स्वच्छ अल्कोहोल. कॅम्फिन निवडा किंवा पाण्याच्या बाथची सोय करा. आणि हे सगळे पदार्थ पेट घेतात. फ्यूम हूडबाहेर (वाफ ओढून घेणाऱ्या कपाटाबाहेर) डबी उघडू नका. शेजारच्या विभागातून ‘आज आरती आहे का’ अशी विचारणा येते ती वेगळीच.

साखर, ग्लिसरीन, जिलेटिन घातलं तर?

प्रत्येकाचा गुण वेगळा. ग्लिसरीनने गोठताना फुगणं कमी होतं आणि रचना बारीक होते. साखरेने भिंती खडबडीत होतात, पापुद्र्यांमध्ये पूल बांधले जातात. जिलेटिनने पापुद्र्यांऐवजी पोळ्यासारखी घरं मिळतात. झिर्कोनियम ॲसिटेटनेही तसंच. पण साखर आणि ग्लिसरीन गोठणबिंदू खाली नेतात, त्यामुळे पुढे सुकवतानाही जास्त थंडी लागते. हे विसरलात तर तुकडा मशीनमध्ये फेसाळतो.

स्लरीत पावडर किती घालायची?

आधी एक गोंधळ मिटवू. शोधनिबंधातले टक्के बहुधा आकारमानाचे असतात, तुमचा काटा वजन दाखवतो. १०० मिलिलिटर स्लरीत २५ टक्के ॲल्युमिना म्हणजे २५ घन सेंटिमीटर. ॲल्युमिनाची घनता ३.९८, म्हणून साडेनव्व्याण्णव ग्रॅम पावडर आणि ७५ मिलिलिटर पाणी. वजनात हे ५७ टक्के होतं! ‘२५ टक्के’ वाचून २५ ग्रॅम पावडर घातलीत तर भाजल्यावर फुंकर मारली तरी मोडेल असा तुकडा मिळेल.

२५ टक्के घन पदार्थ म्हणजे ७५ टक्के भोकं का? भट्टीआधी हो. भट्टीत तुकडा प्रत्येक बाजूने १५ टक्के आकसला तर आकारमान मूळच्या ६१ टक्के उरतं, त्यात घन तेवढाच, म्हणून सच्छिद्रता ५९ टक्क्यांवर येते. घन ४०-५० टक्क्यांच्या पुढे नेलं की कणांना सरकायलाच जागा नसते आणि पापुद्रे बनत नाहीत.

बाकी कृती ठरलेली आहे: पावडरीच्या वजनाच्या अर्धा ते एक टक्का डिस्पर्संट (कणांच्या गुठळ्या होऊ न देणारं द्रव्य), एक-दोन टक्के पीव्हीए बाइंडर (कण धरून ठेवणारा डिंक), झिर्कोनियाच्या गोळ्यांसह रात्रभर बॉल मिलमध्ये घोटणं आणि नंतर व्हॅक्यूममध्ये बुडबुडे काढणं. बाइंडर नसेल तर बर्फ गेल्यावर सांगाडा रांगोळीसारखा सांडतो.

फ्रीझ ड्रायरमध्ये (बर्फाची थेट वाफ करणाऱ्या व्हॅक्यूम मशीनमध्ये) किती वेळ ठेवायचं?

पाण्याचा त्रिबिंदू (जिथे बर्फ, पाणी आणि वाफ तिन्ही एकत्र राहतात) ०.०१ अंश आणि ६११ पास्कल. दाब त्याहून खाली असेल तर बर्फ द्रव न होता उडतो. व्यवहारात दाब १०० पास्कलच्या खाली आणि छोट्या तुकड्याला २४ ते ४८ तास. वरचा थर आधी सुकतो आणि खालच्या वाफेला त्यातून वाट काढावी लागते, म्हणून जाडी दुप्पट झाली तर वेळ दुपटीहून बराच जास्त लागतो.

एक प्रसंग सांगते, आमच्याच हलगर्जीपणाचा. एका पावसाळ्यात आम्ही कंडेन्सरवरचा (वाफ पंपात जायच्या आधी गोठवून पकडणारा गार भाग) बर्फ न काढता सलग तिसरी बॅच लावली. कंडेन्सर भरलेला, त्यामुळे वाफ सरळ पंपात. सकाळी येऊन बघते तर पंपाचं तेल ताकासारखं पांढरं, दाब चढलेला आणि साच्यांमध्ये आठ तुकड्यांच्या जागी आठ वाट्या खीर. तेव्हापासून मशीनच्या दारावर पाटी आहे: ‘आधी बर्फ काढा, मग तेल बघा, मग माझ्याशी बोला.’

तुकड्यात आडव्या भेगा पडतात. भट्टीचा दोष का?

बहुतेक वेळा नाही. भेग गोठण्याच्या दिशेला आडवी, लाटेसारखी असेल तर ती भट्टीच्या आधीचीच आहे. आघाडी मधेच मंदावली की समोर दाटलेल्या पावडरीत आडवा बर्फाचा थर वाढतो, त्याला बर्फाचं भिंग म्हणतात. थंड प्रदेशात रस्ते हिवाळ्यात फुगतात तेही यानेच. तापमानाचा उतार सलग ठेवा, स्लरीतल्या गुठळ्या घालवा.

भट्टीतल्या भेगा वेगळ्या. त्या उभ्या किंवा कोपऱ्यात असतात. बाइंडर जळतो त्या पट्ट्यात, साधारण ६०० अंशांपर्यंत, मिनिटाला एक अंशाहून घाई नको. पुढे ॲल्युमिनाला १,५०० ते १,६०० अंश, हाडासाठीच्या हायड्रॉक्सिॲपेटाइटला (हाडातल्या खनिजासारखं सिरॅमिक) १,२०० ते १,३०० अंश.

मुंबईच्या हवेने काही फरक पडतो का?

पडतो. पावसाळ्यात इथला दवबिंदू २५ अंशांच्या आसपास असतो, म्हणजे त्याहून गार कुठलीही वस्तू घाम गाळणार. तांब्याच्या दांड्यावर पाच मिनिटांत हिमाची शाल चढते, हीटरची पट्टी ओली होते आणि थर्मोकपल खोटं बोलू लागतं. आम्ही दांड्याला फोमची पट्टी गुंडाळतो. पावडर हवेतला ओलावा धरते, म्हणून वजन करण्याआधी १२० अंशांवर रात्रभर ओव्हनमध्ये. ड्रायरमधून काढलेले तुकडेही थेट डेसिकेटरमध्ये (ओलावा येऊ न देणाऱ्या बंद भांड्यात). टेबलावर राहिलेले दुसऱ्या दिवशी मऊ पडलेल्या पापडासारखे होतात.

हे सगळं कशाला? कोण वापरतं?

गाळण्या, उत्प्रेरकाचे आधार, इंधनघटांचे इलेक्ट्रोड. हाडाच्या जागी बसवायचे तुकडे हा मोठा भाग. हायड्रॉक्सिॲपेटाइटच्या अशा तुकड्याने ४७ टक्के सच्छिद्रतेला १४५ मेगापास्कल दाब सोसला, ५६ टक्क्यांना ६५. भोकं जरा वाढली की ताकद अशी निम्म्याहून खाली येते, हेही या आकड्यांत दिसतं.

आणि शिंपला. मोत्याच्या शिंपल्याचा आतला चकचकीत थर ९५ टक्के एका ठिसूळ खनिजाचा, पण तो सहज फुटत नाही, कारण खनिजाच्या पातळ चकत्यांमध्ये सेंद्रिय चिकट थर असतो. गोठवून केलेले पापुद्रे दाबून, मधे ॲक्रिलिक भरून २००८ मध्ये जो पदार्थ बनवला, तो तोडायला लागणारी ऊर्जा त्याच्या घटकांच्या मानाने ३०० पटींहून जास्त निघाली.

शोध कुणाचा?

१९५४ मध्ये अमेरिकेतल्या नाका या संस्थेने (नासाची पूर्वज) टायटॅनियम कार्बाइडची टर्बोसुपरचार्जरची पाती अशी ओतली, पण त्यांना भोकं नको होती. २००१ मध्ये जपानमध्ये फुकासावा आणि सहकाऱ्यांनी सरळ भोकांचं ॲल्युमिना केलं. २००६ मध्ये सिल्वाँ दविल आणि बर्कलीतल्या सहकाऱ्यांचा ‘सायन्स’मधला लेख आला आणि मग रांगच लागली.

फायनल इयरला प्रोजेक्ट म्हणून घेता येईल का?

येईल, कॅम्फिनने सुरुवात करा. पाणीच हवं असेल तर लिक्विड नायट्रोजनऐवजी ड्राय आइस आणि अल्कोहोलचा बाथ, उणे ७८ अंश, पुरतो. नायट्रोजन मिळाला तर एवढं पाळा: एक लिटर द्रवाचे सुमारे ७०० लिटर वायू होतात. बंद खोलीत ओतू नका, आणि डबा लिफ्टने न्यायचा तर डबा एकटा पाठवा, तुम्ही जिन्याने जा.

भोकं खरंच सरळ आहेत हे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपशिवाय कसं कळेल?

मायक्रोस्कोपचा नंबर लागायला आमच्याकडेही तीन आठवडे जातात, म्हणून आम्ही शाई वापरतो. भाजलेल्या तुकड्याचा घन, म्हणजे चौकोनी ठोकळा, कापा, गोठण्याची दिशा पेन्सिलीने बाणाने आखा. बशीत फाउंटन पेनची लाल शाई दोन मिलिमीटर घ्या आणि घन बाण वर ठेवून उभा करा. भोकं सरळ असतील तर शाई काही सेकंदांत वरच्या तोंडावर बारीक ठिपक्या-रेघांनी उगवते. मग दुसरा घन आडवा ठेवा; पापुद्र्यांना आडवं जाताना ती अडखळते, चढायला खूप जास्त वेळ लागतो. दोन्ही वेळा मोबाइलवर व्हिडिओ घ्या, गाइडला दाखवायला बरं पडतं. शाई धुऊन निघत नाही, पण तोच घन पुन्हा ६०० अंशांना भाजला की पांढरा शुभ्र होतो आणि पुढच्या बॅचच्या मुलांना दाखवायला तयार.